तुजं सांग, माजं सांगू नको

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या आणि आमची गाडी त्यांच्यासमोर उभी होती. सकाळचे सव्वादहा झाले होते. पावणेअकरा वाजले तरी दोघी तिथेच.

गाडी म्हणजे आमच्या कंपनीने महाप्याला बनवलेली बिनड्रायव्हरची शटल. बॅटरीवर चालणारी, आठ सीटची. औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर तिची ट्रायल चालू होती. बसस्टॉपवरून कामगार घ्यायचे, कारखान्यांच्या गेटवर सोडायचे. आत एक अटेंडंट बसायचा, त्याच्या हाताशी एक लाल बटण. बाकी सगळं गाडी स्वतः करायची. समोर माणूस आला की थांबायची आणि तो हलेपर्यंत हलायची नाही. ड्रायव्हर नाही, म्हणजे हात दाखवणारं कुणी नाही, मान हलवणारं कुणी नाही. म्हणून पुढच्या काचेखाली दिव्यांची एक पट्टी बसवली होती. गाडीला जे म्हणायचं असेल ते तिच्यावर अक्षरांत उमटायचं आणि एका बाईच्या आवाजात ऐकूही यायचं. ती पट्टी, ती अक्षरं आणि तो आवाज हे माझं काम होतं. मी अभिमानाने सांगायचो लोकांना. आता तोंडातून निघत नाही.

त्या दिवशी पट्टीवर होतं, 'कृपया रस्ता ओलांडा.' आणि ही साठीची बाई, काष्टा घातलेली, डोक्यावर रिकामी पाटी, चपला हातात, तिच्यापुढे ठाम उभी. मागे दोन टेम्पो अडकले होते. अटेंडंटने मला फोन करून बोलावलं.

"आजी, जा ना पलीकडे," मी म्हणालो. "गाडी तुमच्यासाठीच थांबलीय."

"मी कवा जायचं ते ही मला सांगनार?"

"अहो, विनंती आहे ती. कृपया लिहिलंय."

"मी वाचलं. मी चौथी शिकलेली हाय. ही गारी तितं उभी हाय, तितं आमचं भाताचं शेत व्हतं. तवा पन मला कुनी सांगितलं नाय, कुठनं जा न कवा जा. ती थांबली, बरं केलं. मी माजी बगून जाईन."

त्यांच्या बोलीत गाडीची गारी व्हायची आणि ती गारी त्यांच्या तोंडून नेहमी शिवीसारखी यायची.

शेवटी वरच्या ऑफिसातून साहेब उतरले. साहेब म्हणजे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. त्यांनी पाच मिनिटं हा तमाशा बघितला आणि हसत सुटले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, हीच पाहिजे आपल्याला. इंजिनिअर गाडीसमोरून चालतात ते इंजिनिअरसारखे चालतात. टेस्टिंगला घे हिला."

बाईंनी विचारलं, "काम काय?"

"गाडीसमोरून चालायचं."

"आनि?"

"आणि तुम्हाला कसं वाटलं ते सांगायचं."

"सांगीन. ऐकशील काय?"

"त्यासाठीच तर घेतोय तुम्हाला," साहेब म्हणाले.

हे वाक्य मला आजही आठवतं आणि आठवलं की माझ्या कानशिलांवर रक्त चढतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या पगारी पादचारी झाल्या. ऑफिसात कुणीतरी त्यांना 'मावशी' म्हणालं. त्या तिथल्या तिथे उसळल्या. "मी तुजी मावशी कवा झाली? तुजी आई माजी भैन हाय काय? झाडूवाली मावशी, चायवाली मावशी. नाव विचारायला नको म्हनून समद्यांना मावशी करून ठेवलंय." मग काय म्हणायचं, असं त्याने घाबरत विचारलं. "त्या वरच्या पोरीला काय म्हनतोस?" वरची पोरगी म्हणजे एचआर. "मॅडम." "मंग मला पन तेच म्हन." त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या मॅडम झाल्या. स्वतः मात्र शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करायच्या.

त्यांना या नोकरीची गरज नव्हती. खाडीकडच्या जुन्या गावात त्यांचं घर होतं, मुलांनी वर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. त्याआधी वीस वर्षं मॅडमनी वसाहतीतल्या कारखान्यांना भाकरीचे डबे पोचवले होते, डोक्यावर पाटी घेऊन, पायी. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा रस्ता ओलांडायचा. ठाणे-बेलापूर रस्त्याला दुभाजक नव्हता तेव्हापासून त्या तो ओलांडत होत्या. एकदाही धक्का लागला नव्हता. "मग नोकरी कशाला करता?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "ही गारी कोन बनवतंय त्याचं तोंड बगायचं व्हतं."

त्यांच्या सवयी सांगायच्या तर सगळ्या भांडणाच्याच होत्या. रस्ता ओलांडताना चपला हातात घ्यायच्या, कारण चप्पल ऐन वेळी दगा देते. कंपनीचा चहा कागदी कपातून पीत नसत. घरून स्टीलचा पेला आणायच्या, पॅण्ट्रीच्या खिडकीत ठेवायच्या, आणि त्याला कुणी हात लावला तर मजल्याला कळायचं. गाडी थांबली की आम्ही सगळे नकळत तिला हात दाखवून आभार मानायचो. मॅडमना त्याचा भयंकर राग. "तिनं काय उपकार केला? मी मानूस हाय, रस्त्यावर हाय, थांबायलाच पायजे." मला त्यांनी एकदा हात दाखवताना पकडलं आणि रस्त्याच्या मधून परत फिरवून पुन्हा चालायला लावलं. हात खाली ठेवून.

एवढा राग पाहून मला वाटायचं, यांचं कुणीतरी रस्त्यावर गेलं असणार. एकदा जेवताना धीर करून विचारलं. "मॅडम, तुमच्या घरी कुणाला अपघात वगैरे..."

त्यांनी घास खाली ठेवला. "कुनी मेल्याबिगर मला राग येऊ नये काय?"

मी खाली बघून जेवत राहिलो.

पण त्यांना जे कळत होतं ते आमच्यापैकी एकालाही कळत नव्हतं. पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांना शंभर वेळा गाडीसमोरून चालवलं आणि दर वेळी विचारलं, पट्टीवरची अक्षरं कधी दिसली, कुठून वाचता आली. त्या चिडून म्हणाल्या, "पाटी कोन वाचतो? चल, तुला दाखवते."

मला त्यांनी मोठ्या रस्त्याच्या कडेला नेलं. उन्हात अर्धा तास उभं केलं. समोरून डंपर येत होता. "बग. हा थांबनार नाय." डंपर गेला. मग एक बस. "ही थांबनार." बस थांबली. मग रिक्षा, मग टँकर. एकदाही त्यांचं चुकलं नाही. मी म्हणालो, ड्रायव्हरचा डोळा बघता का? "डोला मागून. आधी नाक. गारी थांबायची असली का आधी नाक खाली घालते. चाक बग, नाक बग, मंग डोला. तुजी गारी नाकच खाली घालत नाय. शेवटपर्यंत सरल येते आनि एकदम उभी राहते. मानसानं समजायचं कसं?"

खरं होतं. आत बसलेल्यांना धक्का बसू नये म्हणून आम्ही ब्रेक इतका मऊ केला होता की बाहेरच्याला गाडी थांबतेय हे कळतच नव्हतं. मी तीन आठवडे बसून ते बदललं. गाडी लांबूनच वेग सोडायला लागली, थांबताना किंचित पुढे झुकायला लागली. आणि खरंच, लोक बिचकायचे थांबले. पट्टीकडे न बघताच पाऊल टाकायला लागले. मी आनंदाने साहेबांना दाखवायला गेलो. ते म्हणाले, "छान आहे रे, पण हे फोटोत कुठे दिसतंय? पाहुण्यांना काय दाखवू, गाडीचं नाक? पट्टीवर काम कर."

तर मी पट्टीवर काम केलं.

'कृपया रस्ता ओलांडा' मॅडमना हुकमासारखं वाटतं, हे मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. मला वाटलं, प्रश्न सुराचा आहे. मी शब्द बदलले. नवा आवाज रेकॉर्ड करून घेतला, घरातल्या मोठ्या बहिणीसारखा, थोडा हसरा. गाडी थांबली की पट्टीवर हिरवा चालणारा माणूस यायचा, आणि आवाज म्हणायचा, "चला, या. तुम्ही आधी." साहेबांनी ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात आपुलकी. मराठी माणूस असा बोलतो." मलाही तसंच वाटत होतं. मी मूळचा कराडकडचा. आमच्याकडे पाहुण्याला असंच म्हणतात.

मॅडमनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि जागीच थांबल्या. ओलांडल्याच नाहीत. माझ्याकडे आल्या.

"हे कुनी केलं?"

"मी. तुम्हाला हुकूम आवडला नव्हता ना, म्हणून."

"आता तर जास्त वाईट झालं. हुकुमाला मानूस बिचकतो तरी. इकडं तिकडं बगतो. ही तर लाडीगोडी लावते. चला या म्हनते. मागून कोन येतंय, बाजूनं कोन येतंय, तिला ठाव हाय काय?"

"मागचे कॅमेरे आहेत मॅडम."

"कॅमेरा टेम्पोवाल्याचा हात धरनार काय? ती थांबली, तिनं तेवढंच सांगायचं. मी थांबली. बस. तुजं सांग, माजं सांगू नको. दुसऱ्या गाऱ्यांच्या वतीनं तर बिलकुल बोलू नको."

'तुजं सांग, माजं सांगू नको' हे त्या कशालाही म्हणायच्या. वॉचमनला, कँटीनवाल्याला, एकदा तर आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरला. आम्ही ऑफिसात गंमत म्हणून एकमेकांना म्हणायचो. इतकं सरळ वाक्य होतं आणि आम्ही त्याची गंमत केली.

आता मला माझ्या कामाबद्दल लिहावं लागेल. राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

प्रत्येक चाचणीचा एक फॉर्म असायचा. शेवटी एक रकाना, टेस्टरचं म्हणणं. फॉर्म इंग्रजीत. मॅडम सांगायच्या, मी माझ्या वहीत जसंच्या तसं लिहून घ्यायचो, मग इंग्रजी करून टाईप करायचो, आणि त्या खाली सही करायच्या. चौथीतल्या पोरीची असावी तशी, एकेक अक्षर सुटं. त्या दिवशी त्यांनी सात-आठ ओळी सांगितल्या. गाडी दुसऱ्यांच्या वतीने बोलते. माणूस तिच्यावर विसंबून बाजूला बघणार नाही. मागून ओव्हरटेक करणारा त्याला उडवील. हे शब्द काढून टाका, फक्त 'मी थांबले आहे' एवढं ठेवा. अगदी असंच सांगितलं. मी लिहिलं, टाईप केलं, साहेबांना पाठवलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. "परवानगीची फाईल पुढच्या आठवड्यात जातेय. हे असलं त्यात गेलं तर सहा महिने अडकू. आणि टेक्निकली आपली गाडी थांबलेलीच असते ना? मग? जरा क्रिस्प कर."

मी क्रिस्प केलं. 'भाषेबाबत किरकोळ सुधारणा सुचवली.' चार शब्द झाले.

मॅडमनी विचारलं, "लिवलंस?"

"लिहिलं मॅडम."

त्यांनी सही केली. इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून नाही, तर मी लिहिलं म्हणून.

परवानगी मिळाली. पाहुणे आले, फोटो निघाले. एक मोठे अधिकारी गाडीसमोरून चालले, गाडी त्यांना "चला, या" म्हणाली, ते खूश होऊन हसले आणि त्यांनी हात जोडले. गाडीला. मॅडम फाटकाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "हा हात जोडतोय, कारन त्याच्यासाठी रस्ता बंद केलाय. बाकीच्यांसाठी करशील काय?"

नंतर दोन महिन्यांनी ते झालं. सकाळी नऊच्या सुमारास, शिफ्ट सुरू होण्याची वेळ. पॅकिंगच्या एका कारखान्यात काम करणारी मुलगी स्टॉपवर उतरून पलीकडे जायला निघाली होती. आमची शटल आली, लांबूनच वेग सोडला, झुकली, थांबली. हिरवा माणूस लागला. "चला, या. तुम्ही आधी." मुलगी निघाली. शटलच्या उजवीकडून पाण्याच्या जारचा टेम्पो ओव्हरटेक करून आला. त्याला शटलच्या पुढे कोण आहे हे दिसत नव्हतं, तिला शटलच्या मागे कोण आहे हे दिसत नव्हतं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, डावं पाऊल चिरडलं.

मी कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. कामाचा भाग म्हणून बरेचदा पाहावं लागलं. पाऊल टाकण्याआधी ती मुलगी गाडीकडे बघून किंचित मान झुकवते, आपण कुणी वाट दिली की झुकवतो तशी. आणि पदपथावरून खाली उतरते.

चौकशी कंपनीनेच केली. अहवाल तयार व्हायला चार दिवस पुरले. गाडीने सर्व नियम पाळले. गाडी पूर्णपणे थांबलेली होती. टेम्पोचालकाने बेपर्वाई केली. पादचाऱ्याने उजव्या बाजूची खात्री केली नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला अजून त्याचीच चीड येते. सगळी वाक्यं खरी होती आणि मुलगी दवाखान्यात पडली होती.

अहवालाला एक शेपूट हवं होतं, की पट्टीवरची भाषा सामान्य माणसाला नीट कळते. त्यासाठी मॅडमना वर बोलावलं. काचेची खोली, लांब टेबल, साहेब, एक वकील, एचआर, मी. मॅडम खुर्चीच्या कडेवर बसल्या.

साहेब म्हणाले, "तुम्ही इतके महिने चाचण्या केल्यात. पट्टीवरची भाषा कळत नाही अशी तुमची एकदाही तक्रार नाही. तेवढं लिहून द्या."

"कलत नाय असं मी म्हनाली नाय," मॅडम म्हणाल्या. "कलते म्हनून तर ती पोरगी रस्त्यात उतरली. मी सांगितलं व्हतं हे व्हनार. यानं लिवलंय. काढ तो कागद."

साहेबांनी फाईल उघडली. कागद काढला. मोठ्याने वाचला, मराठी करून. भाषेबाबत किरकोळ सुधारणा सुचवली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हे मी बोलली काय?"

मी म्हणालो, "नाही मॅडम."

"मंग मी काय बोलली ते सांग यांना."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. वकिलाने पेन हातात घेतलं. वही माझ्या टेबलाच्या खणात होती, वीस पावलांवर. मी म्हणालो, "त्यांनी भाषेबद्दल काही गोष्टी सांगितल्या होत्या. साधारण याच अर्थाच्या."

आयुष्यभर कशावर ना कशावर ओरडणारी ती बाई खुर्ची मागे सारून उठली. पॅण्ट्रीत गेली. खिडकीतला पेला घेऊन धुतला, पदराने पुसला, पिशवीत टाकला. जिन्याने खाली उतरून गेली. परत कधी आली नाही.

मी लगेच काही केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी पुढचे सहा दिवस नेहमीसारखा कामावर गेलो. सातव्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पट्टीवरची वाक्यं बदल. नुसतं 'मी थांबले आहे' असं टाक. हिरवा माणूसही काढ. कुठे बोलू नकोस, घाईघाईने बदललं असं दिसायला नको. लर्निंग समज."

मॅडमचंच वाक्य. शब्द न शब्द तेच. फक्त शुद्ध करून घेतलेलं.

मी बदल केला. पंधरा मिनिटांचं काम होतं. मग खणातली वही काढली, पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, "तुमच्या गाडीनं ठोकलं नाही ना?" नाही. "थांबलेली होती ना?" हो. "मग तुमचं म्हणणं काय आहे?" त्याला समजावायला मला अर्धा तास लागला. गाडी काय बोलली, ते कुणी लिहिलं, त्याबद्दल आधी कुणी बजावलं होतं आणि ते बजावणं कागदावरून कुणी काढलं. दुसऱ्या आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना मी स्वतःचं नाव घेतलं. त्याने वहीचं पान झेरॉक्स करून फाईलला जोडलं. ती केस टेम्पोवाल्यावर आहे. माझा जबाब तिच्यात एक पान म्हणून आहे, कुणी उघडलं की नाही माहीत नाही. कंपनीला कळल्यावर मला काढलं नाही. राजीनामा द्यायला सांगितलं.

त्यानंतर मी मॅडमच्या गावी गेलो. त्या ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वही, पोलीस, जबाब, राजीनामा. त्या सोलत राहिल्या. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? माजं काय मोडलं? जी मोडली तिला सांग."

पत्ता त्यांच्याकडेच होता. अपघात झाल्यापासून त्या रोज तिकडे जात होत्या हे मला तिथे कळलं. ओळख ना पाळख. दवाखान्यात गेल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि नर्सशी पहिलं भांडण केलं ते मुलीची चादर बदलण्यावरून.

मुलगी कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत होती. बरोबरीच्या दोन मैत्रिणी, दोघी दिवसभर कामावर. लिफ्ट नाही. मी गेलो तेव्हा ती पलंगावर होती, पाय उशीवर, पावलाला पट्टी. बावीस-तेवीस वर्षांची. मी कोण ते सांगितलं. तो आवाज मी निवडला, ते शब्द मी लिहिले, आणि ते काढायला सांगणाऱ्या बाईचं म्हणणं मी खोडलं. सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. मी त्यासाठीच गेलो होतो बहुतेक.

तिने दोन्ही हातांनी पाय उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "चार वर्षं झाली मला त्या रस्त्याने जाऊन-येऊन. एक गाडी थांबत नाही. हॉर्न मारतात, शिव्या देतात. तुमची गाडी थांबली. वर म्हणाली, चला, या. असं कुणी म्हणत नाही हो आम्हाला. मला बरं वाटलं. म्हणून बघितलंच नाही बाजूला."

ती रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मॅडम त्या दिवशीही तिथेच होत्या, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या, पाठ माझ्याकडे. मी कधी जातोय याची वाट बघत असतील असं मला वाटलं. मी उठलो. त्या मागे न वळता म्हणाल्या, "मंगलवारी हिला पट्टी बदलायला न्यायची हाय. तीन जिने. रिक्षावाला वर येत नाय, आनि माज्यानं उचलत नाय. नऊला ये."

मंगळवारी मी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. मॅडम दारात उभ्या. "नऊ म्हनली व्हती मी." मी मुलीला पाठीवर घेतलं आणि तीन जिने उतरलो. मॅडम पुढे, मुलीच्या पायाला कठडा लागू नये म्हणून हात आडवा धरून. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी सायकली जिन्यात लावलेल्या होत्या. मॅडमनी त्या सायकलवाल्याला दार वाजवून बाहेर काढलं आणि आम्ही जिन्यात ओझं घेऊन उभे असताना त्याची खरडपट्टी काढली. परत वर आणून सोडल्यावर मला एवढंच, "पुढच्या मंगलवारी येल पाल. नऊ म्हंजे नऊ."

असे किती मंगळवार झाले मी मोजले नाहीत. मी नवी नोकरी धरली, ऐरोलीला, पार्किंगच्या मशीनचं सॉफ्टवेअर. मंगळवारी उशिरा येईन हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. डावीकडून धर. हळू. पायरी तुटकी हाय. मुलगी मात्र पाठीवरून गप्पा मारायची, कारखान्यातल्या, गावाकडच्या. हसायचीही. एकदा म्हणाली, "मॅडम तुमच्यावर चिडून आहेत फार." मी म्हणालो, चिडू देत. ती म्हणाली, "माझ्यावरही चिडतात. म्हणतात, लवकर माफ करून टाकलंस." ती असं म्हणाली तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. मॅडम पुढे होत्या, त्यांनी ऐकलं असणार. त्या थांबल्या नाहीत.

त्या शटल अजून महाप्याला फिरतात. आता जास्त झाल्या आहेत. थांबल्या की म्हणतात, मी थांबले आहे. लोक इकडेतिकडे बघून ओलांडतात. कंपनीच्या जाहिरातीत याचं कौतुक असतं, की ही भाषा दीर्घ संशोधनातून आली. मी ती जाहिरात स्टेशनबाहेर पाहिली तेव्हा तिथे उभा राहून मोठ्याने शिवी दिली. बाजूचा माणूस सरकला. त्या बाईचं नाव कुठेच नाही. मीही इथे लिहिलं नाही, कारण त्यांना विचारायची माझी हिंमत नाही.

शेवटच्या मंगळवारी मी नऊला पाच कमी असताना पोचलो. मॅडमनी दार अर्धंच उघडलं. आदल्या दिवशी हाडाच्या डॉक्टरने मुलीला काठी घेऊन जिना उतरायची परवानगी दिली होती. हे मला मुलीने फोनवर सांगितलं होतं, पण मला वाटलं, पहिल्यांदा उतरणार, कुणीतरी बरोबर असलेलं बरं.

"आता तुजं काम नाय," मॅडम म्हणाल्या.

"नुसता मागून चालतो. तोल गेला तर..."

"मी हाय."

"मॅडम," मी म्हणालो. एवढ्या महिन्यांत जे म्हणायचं होतं ते सगळं आता सांगायचं होतं. त्या थांबल्या, माझ्या बोलण्याची त्यांनी वाट बघितली. जे शब्द सापडत होते ते सगळे गोड होते.

त्यांनी दार लावून घेतलं. मी जिन्यात उभा राहिलो. आत फरशीवर काठी टेकल्याचा आवाज आला. मग एक पाऊल. मग पुन्हा काठी. आणि मॅडमचा ओरडा, "खाली बगू नको, समोर बग."